दोन ब्रेकची गाडी आणि मास्तरांची शांती

मास्तर मोटार चालवायला शिकवत, म्हणजे शेजारच्या सीटवर बसून ओरडत. ‘क्लच! क्लच! क्लच म्हणजे काय पायपुसणं आहे?’ किंवा, ‘आरशात बघ! स्वतःचं थोबाड नको, मागचा ट्रक बघ!’ त्यांच्या हाताखालून अख्खं गाव गाडी शिकून गेलं होतं आणि त्यातल्या निम्म्या लोकांना अजूनही सिग्नल हिरवा झाला की कानात मास्तर ऐकू येत. शिकाऊ मंडळी पाठीमागे त्यांना भोंगा म्हणत. मास्तरांना ते ठाऊक होतं आणि त्यात त्यांना कौतुकच दिसायचं. भोंगा वाजतो म्हणून अपघात टळतो, असं त्यांचं साधं तत्त्वज्ञान होतं.

शिकवायच्या गाडीला दोन ब्रेक असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाशी, दुसरा शिकवणाऱ्याच्या. आतून दोन्ही जोडलेले, त्यामुळे शिकवणाऱ्याने आपला दाबला की शिकणाऱ्याचाही आपोआप खाली जातो. बाकीचे शिक्षक अडीअडचणीला हा दुसरा ब्रेक वापरत. मास्तर म्हणायचे, ‘मला त्याची गरज नाही. माझा ब्रेक घशात आहे.’

आणि एके दिवशी तो घसाच अडचणीत आला. दिवसभर लोकांच्या किंकाळ्या ऐकूनही ज्याच्या चेहऱ्यावरची रेष हलत नसे, असा एक दंतवैद्य गाडी शिकताना मास्तरांच्या ओरडण्यापायी भर चौकात स्टिअरिंगवर डोकं टेकून हुंदके देऊन रडला. मागे गाड्यांची रांग लागली. ट्रॅफिक पोलीस आला आणि त्यानेही मास्तरांकडेच रागाने बघितलं. संध्याकाळी ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकीणबाईंनी मास्तरांना समोर बसवलं.

“मास्तर, आपल्याकडे शिकायला आलेली माणसं हल्ली इथून निघून थेट सायकल विकत घेतात.”

“चांगलंय की. व्यायाम होतो.”

“ऐका जरा. एक तर शांत व्हायला शिका, नाहीतर उद्यापासून ऑफिसात बसून फोन घ्या.”

फोन घ्यायचा म्हणजे मास्तरांच्या दृष्टीने जिवंतपणी भिंतीवर फोटो लागल्यासारखंच. त्यांनी शांत व्हायचं ठरवलं. जी गोष्ट शिकायची ती रीतसर क्लास लावून शिकायची, हा त्यांचा धंद्यामुळे झालेला स्वभाव. चौकशी केली तेव्हा बाजारातल्या एका हॉलचा पत्ता मिळाला. खाली चपलाबुटांचं दुकान आणि वर आत्म्याचं.

वरच्या हॉलमध्ये शिकवणाऱ्या बाई पूर्वी ग्रंथालयात होत्या. लोकांना गप्प करण्यात त्यांची उभी हयात गेली होती, निवृत्तीनंतर तेच काम त्या जरा खोलवर करत होत्या. बोलायच्या इतक्या सावकाश की वाक्याच्या सुरुवातीला जागा असलेला माणूस पूर्णविरामाला जागा असेलच अशी खात्री नसे.

“चिंतन म्हणजे काही मोठं नाही,” बाई म्हणाल्या. “मनात जे आलंय, ते समोर बसवायचं. त्याच्याकडे बघायचं. हाकलायचं नाही आणि त्याची तरफदारीही करायची नाही. जे आलंय तेच बघायचं, जे यावंसं वाटतं ते नाही.”

यातलं शेवटचं वाक्य मास्तरांच्या डोक्यावरून गेलं. मनात येईल ते फालतू बघत बसणं त्यांना कमीपणाचं वाटलं. त्यांनी विषय निवडले ते खानदानी. आत्मा, अनंत, शून्य. पहिल्याच सकाळी ते ‘मी कोण?’ या प्रश्नाला बसले आणि चहा गाळून व्हायच्या आत उठले. उत्तर मिळालं होतं. मुख्य प्रशिक्षक. बाईंना त्यांनी ते अभिमानाने सांगितलं तेव्हा बाईंनी चष्मा काढून सावकाश पुसला. मास्तरांना वाटलं, आपली प्रगती बघून त्या थक्क झाल्या.

घरात बायको होती आणि एक नोकरीला लागलेली लेक होती. त्या दोघींना आता मास्तरांच्या शांतीबरोबर संसार करायचा होता. खिडकीजवळची खुर्ची मास्तरांनी चिंतनासाठी राखून ठेवली. ते तिथे बसले की कपडे धुण्याचं मशीन बंद, मिक्सर बंद, लेकीचा फोन बंद. दाराची घंटा काढून टाकली. मग लोक दार वाजवायला लागले, म्हणून दारावर पाटी आली. पाटी वाचून लोक बाहेरच उभे राहून खोकायला लागले. लेकीला सर्दी झाली तेव्हा शिंकायला तिला जिन्यात जावं लागलं.

पूर्वी हे घर मास्तरांच्या रागाला भ्यायचं. पण रागाचं एक बरं असतं, तो येतो तसा जातो. शांती मात्र सामानसुमान घेऊन राहायलाच आली. पूर्वी भाजीत मीठ कमी पडलं तर मास्तर ओरडायचे, मीठ घ्यायचे आणि जेवायचे. आता ते घास खाली ठेवत, डोळे मिटत आणि म्हणत, “मीठ नाही. ठीक आहे. मी त्याच्याकडे बघतोय.” मग अख्खं घर जेवण थांबवून त्यांच्या बघण्याकडे बघत बसे. बायको हळूच मिठाची वाटी पुढे सरकवायची, तर ते हात वर करून थांबवायचे. बिनमिठाची भाजी त्यांना आता वर चढायची पायरी वाटत होती आणि ती पायरी त्यांच्या पायाखाली कोण धरून उभं होतं हे बघायला डोळे उघडे असावे लागतात.

कारण चिंतन मास्तर करत असले तरी त्याला लागणारी शांतता बायको तयार करायची. दूधवाल्याला रस्त्यातच गाठणं, वरच्या मजल्यावरच्या पोरांना खाऊ देऊन गप्प बसवणं, मास्तर उठायच्या आधी भांडी घासून, एकमेकांना लागणार नाहीत अशी फडक्यात गुंडाळून ठेवणं. बिचारीला दिवसभरात क्षणभर टेकायला मिळत नव्हतं. आणि मास्तर चारचौघांत सांगायचे, “आमच्या हिला अजून जमत नाही. फार धावपळ करते. मन स्थिर नाही तिचं.” लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, दुसरं काय!

स्कूलमध्ये मात्र मास्तरांचा उदोउदो झाला. ते ओरडेनासे झाले. शिकाऊ माणसाने चुकीचा गिअर टाकला की ते दिव्य हसत आणि म्हणत, “चूक झाली. चुकीकडे बघा.” एका शिकाऊ आजोबांनी तर हात जोडले, “मास्तर, हवं तर ओरडा, पण असे हसू नका, गाडी सोडून पळावंसं वाटतं.” गॅरेजमधला मिस्त्री तेवढा वैतागला होता. मास्तरांच्या गाडीचे ब्रेक हल्ली बघता बघता झिजत होते. मास्तरांनी त्यालाही समजावलं की झिजणं हा पदार्थाचा धर्म आहे. मिस्त्री म्हणाला, “असेल, पण बाकीच्या गाड्यांना तो धर्म माहीत नाही.”

आता बायकोची गोष्ट. तिची थोरली बहीण टेकडीपलीकडच्या वस्तीत एकटी राहायची. कंबरेचं हाड मोडल्यापासून ताईंना घराबाहेर पडता येत नव्हतं. तिकडे जाणारी बस बंद झाली होती. मास्तर महिन्याकाठी सवड काढून बायकोला नेत, पण वाटेत प्रत्येक गाडीवाल्याचा उद्धार करत नेत आणि पोचल्यावर फाटकाशी गाडी चालूच ठेवून बसत. दोघी बहिणींचं बोलणं ‘बरी आहेस ना’च्या पुढे कधी गेलंच नाही. बायकोला जास्त काही नको होतं. आपल्या वेळेला ताईकडे जायचं आणि आपल्या वेळेला निघायचं, एवढंच. त्यासाठी गाडी यायला हवी होती. मोटार शिकवणाऱ्याच्या बायकोला मोटार येत नव्हती, यात कुणाला काही नवल वाटत नव्हतं. लग्नानंतर मास्तरांनी एकदा तिला शिकवायला नेलं होतं. ती अर्ध्या रस्त्यात उतरून चालत घरी आली, आणि तो विषय तिथेच मिटला.

हल्ली मात्र लेकीने आईला शिकाऊ परवाना काढून दिला होता आणि एका मैत्रिणीची गाडी मागून आणून, मोकळ्या मैदानात आईकडून थोडंथोडं चालवूनही घेतलं होतं. गाडी पुढे जात होती, वळत होती, थांबत होती. बायको त्या दिवसांत स्वयंपाक करताना गुणगुणायची, अर्थात मास्तर घरात नसताना. मग मैत्रिणीची बदली झाली आणि गाडी गेली. नाइलाजाने बायकोने मास्तरांच्या कानावर घातलं.

“मी शिकवतो की!” मास्तर म्हणाले.

“तुम्ही ओरडाल.”

“ओरडणारा माणूस गेला.”

“कुठे गेला?”

“विरघळला.”

लेकीला ठसका लागला आणि ती जिन्यात पळाली. बायको नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिली. चेहरा खरोखर शांत होता. तिने विश्वास ठेवला, कारण तिला तो ठेवायचा होता. त्याच दिवशी तिने ताईला फोन केला, “मी शिकतेय. आले की मुक्कामालाच येते.” ताई म्हणाली, “मी दाराला कडी लावणार नाही.”

गोदामांच्या मागे एक सरळसोट, रिकामा रस्ता होता. सुटीच्या दिवशी तिथे चिटपाखरू नसे. मास्तर तिला तिकडे नेऊ लागले. पण नवल असं की मैदानात जी गाडी तिच्या हाताखाली सुरळीत धावायची, ती इथे हलायला तयार होईना. ती क्लच हलकेच सोडायची, ॲक्सिलरेटर द्यायची, आणि गाडी चिखलात रुतलेल्या म्हशीसारखी हुंकार देऊन गप्प व्हायची. कधी थोडी सरकायची आणि आचका खाऊन बंद पडायची. मास्तर ओरडत नव्हते, हे खरं. ते डोळे अर्धे मिटून म्हणायचे, “गाडी तुझी भीती ओळखते. गाडी थांबत नाही, तुझं मन थांबतं. त्याच्याकडे बघ.”

ती बघायची. बघून बघून तिला तिथे आपला नालायकपणाच दिसायला लागला. पूर्वी मास्तर ओरडले की तिला मास्तरांचा राग यायचा. आता राग धरावा असं समोर कुणी नव्हतंच, होती ती सगळी शांती. मग दोष आपलाच असणार. गुणगुणणं थांबलं. एक दिवस तिने ताईला फोनवर सांगितलं, “माझ्याच्याने नाही होणार बहुतेक. वय झालं.” लेक दाराशी उभी राहून हे ऐकत होती आणि तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

पुढच्या सुटीला लेक म्हणाली, “मीही येते.” ती मागच्या सीटवर बसली. मास्तर बायकोच्या शेजारी, मांडीवर तळवे उताणे ठेवून, चेहऱ्यावर पौर्णिमा घेऊन बसले.

बायकोने गाडी सुरू केली, पहिला गिअर टाकला. गाडी हुंकारली आणि बंद पडली. पुन्हा सुरू केली. पुन्हा बंद. तिसऱ्या वेळी ती रडकुंडीला आली आणि ज्या पायांना अक्कल नाही असं तिला वाटत होतं त्या आपल्या पायांकडे तिने खाली वाकून बघितलं.

“अहो,” ती म्हणाली, “माझा ब्रेक आपोआप खाली गेलाय.”

“भास आहे. मन असले खेळ करतं.”

“माझा पाय ब्रेकवर नाहीच आहे. बघा ना. आणि ब्रेक खाली आहे.”

“मी बघतोय. मी आत बघतोय.”

“आत नका बघू बाबा,” मागून पुढे वाकून लेक म्हणाली, “खाली बघा. तुमचा पाय.”

मास्तरांनी खाली बघितलं. त्यांचा पाय ब्रेकवर होता. नुसता टेकलेला नव्हता, तर पोटरीचे स्नायू फुगेपर्यंत दाबलेला होता. वर चेहरा हसत होता, तळवे उताणे होते, श्वास संथ होता, आणि खाली बूट असा रुतला होता की जणू गाडी कड्याच्या टोकावर उभी आहे. घशातला ब्रेक काढून घेतल्यावर तो मुकाट पायात उतरला होता. डोक्यापासून निघालेली शांती गुडघ्यापर्यंत येऊन थांबली होती, खालच्या मुलुखात तिचं राज्य नव्हतं.

“काढा पाय,” बायको म्हणाली.

“काढतो.”

पाय निघेना. मास्तरांनी श्वासाकडे लक्ष दिलं, शून्याकडे दिलं, अनंताकडे दिलं. पाय जागचा हलला नाही. त्यांनी दोन्ही हातांनी मांडी धरून तो उचलला, बाजूला ठेवला, आणि बायकोने गाडी सुरू करताच तो निमूटपणे पुन्हा ब्रेकवर जाऊन बसला.

बायकोने चावी फिरवून गाडी बंद केली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाजात नव्हतं. “म्हणजे मला येत होतं,” ती म्हणाली. “इतके दिवस मला गाडी येत होती. आणि तुम्ही मला माझ्या मनाकडे बघायला लावलंत.” मग ती सरळ बसली. “मागे जाऊन बसा.”

“असं कसं? नियम आहे. शिकाऊ माणसाच्या शेजारी परवाना असलेलं माणूस लागतं.”

“ती आहे ना. तिच्याकडे परवाना आहे.”

“हिच्याकडे? हिला कोणी शिकवलं?”

लेक म्हणाली, “तुमच्या समोरच्या स्कूलने.”

समोरचं स्कूल! ज्या स्कूलच्या गाड्यांना मास्तर ‘चालते-बोलते अपघात’ म्हणायचे, ते! मास्तरांचं तोंड उघडलं, आतून जुना भोंगा वर येताना दोघींनी स्पष्ट ऐकला, आणि तो ओठांशी येऊन अडकला. विरघळलेल्या माणसाला ओरडायची सोय नव्हती. ते उतरले, आणि आयुष्यात पहिल्यांदा आपल्याच गाडीच्या मागच्या सीटवर बसले.

लेक पुढे आली. तिने पाय वर घेऊन सीटवर मांडी घातली, ब्रेकपासून चांगले लांब. बायकोने क्लच सोडला. गाडी हलली आणि चालू लागली. गोदामं मागे पडली. दुसरा गिअर पडला, तिसरा पडला. रस्त्याच्या टोकाला ती वळून परत येईल असं मास्तरांना वाटलं होतं. ती वळली नाही. तिने टेकडीचा रस्ता धरला.

मागच्या सीटला ब्रेक नसतो. मास्तरांचा पाय पायपुसण्यावर दाबत राहिला आणि गाडी आपली चालत राहिली. त्यांनी डोळे मिटले, तर गाडी दरीत जाताना दिसली. उघडले, तर समोर रस्ता धावत अंगावर येत होता. आत्म्याला बोलावलं, तो आला नाही. आलं ते भलतंच. पहिल्या नोकरीचा पहिला दिवस आला, जेव्हा एका अनोळखी माणसाच्या हातात स्टिअरिंग देऊन ते शेजारी बसले होते आणि समोरून टँकर आला होता. त्यानंतरचे सगळे दिवस त्यामागोमाग आले. रोज सकाळी उठून, ज्याला गाडी येत नाही अशा माणसाच्या शेजारी जाऊन बसायचं, त्याच्या हातात आपला जीव द्यायचा, दुपारी दुसऱ्याच्या, संध्याकाळी तिसऱ्याच्या. याला कोणी नोकरी म्हणतं! हे सगळं कधीपासून आत दाटून बसलं होतं आणि मास्तर त्याला राग म्हणत होते.

टेकडीच्या वळणावर समोरून ट्रक आला. रस्ता अरुंद होता. बायकोने वेग कमी केला आणि गाडी कडेला घेतली. मास्तरांनी पुढच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी धरली. तोंड उघडलं. दोघींना वाटलं, आता भोंगा वाजणार.

“अगं, मला भीती वाटतेय,” मास्तर म्हणाले.

आवाज इतका बारीक होता की तो आपल्या नवऱ्याचा आहे हे बायकोला कळायला वेळ लागला. ट्रक गेला. लेकीने मागे वळून बघितलं, तर बापाचे गाल ओले होते.

“कधीपासून?” बायकोने विचारलं. नजर रस्त्यावरच होती.

“पहिल्या दिवसापासून.”

“मग सांगायचंत की.”

“मास्तर माणसाने काय सांगायचं असतं?”

“मलाही वाटतेय,” ती म्हणाली. “हात बघा, घामाने निसटतोय. तुम्ही बोलत राहा.”

मास्तर बोलत राहिले. उतारावर ब्रेक हलके लाव असं एकदाही म्हणाले नाहीत. टँकरबद्दल बोलले. चष्मा घरी विसरून आलेल्या एका शिकाऊबद्दल बोलले. रोज सकाळी गाडीत बसायच्या आधी कशी दोनदा लघवीला जावं लागतं ते बोलले. लेक हसली, मग तेही थोडे हसले, मग पुढचं वळण आलं आणि त्यांनी पुन्हा सीटची पाठ पकडली. भीती गेली नव्हती. ती शेजारी बसली होती आणि मास्तर पहिल्यांदाच तिच्याकडे बघत होते.

ताईंच्या फाटकाशी बायकोने गाडी थांबवली, जरा वाकडीच, एक चाक फुलझाडांच्या वाफ्यात. गाडीचा आवाज ऐकून ताई काठी टेकत दारात आल्या. त्यांनी गाडी बघितली, मागच्या सीटवर अंग चोरून बसलेले मेहुणे बघितले, पुढे भाची बघितली. बहीण कुठल्या दारातून उतरली ते काही त्यांच्या लक्षात आलं नाही.

“आलीस? कोणी आणलं गं तुला?”

बायकोने गाडीचं दार लावलं. मग पदराला हात पुसले.

“मीच आले, ताई.”